परास्काची साक्ष

बर्नडेट लावाले या वकीलबाईंनी लॉर्न कोवालला बसा असंही म्हटलं नाही. तो दारातच उभा राहिला. हातात टोपी, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं तळं. बाईंनी चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना मान बरीच मागे टाकावी लागली.

"तुमच्यासारख्यांना मी तुरुंगात पाठवते," त्या म्हणाल्या. "बाहेर काढत नाही. मार खाल्लेल्या बायकांचीच कामं घेते मी. दारावरची पाटी वाचली नाहीत?"

"वाचली."

"मग?"

"याआधी दोघांकडे जाऊन आलो. एक हसला." लॉर्ननं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "दुसरा म्हणाला, कोर्टाच्या कागदावर सही करून टाक, वर्षभर लांब राहा. पोरगी मोठी झाली की येईल आपणहून."

"शहाणा दिसतोय. ऐका त्याचं."

"पोरगी सात वर्षांची आहे, बाई."

"तुमच्या बायकोच्या मनगटावर पाच बोटांचे वळ होते," लावालेबाई म्हणाल्या. पोलिसांचा कागद त्यांनी आधीच मागवून वाचला होता. "फोटो आहे माझ्याकडे. तुमचीच बोटं ना?"

"माझीच."

"दार लावून घ्या," बाई म्हणाल्या. "आतून. थंडी येतेय."

डोरोशिन हे मॅनिटोबाच्या माळावरचं गाव. एक धान्याचं कोठार, एक चर्च, बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाचं एक मैदान, आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक. लॉर्न तिथं पंचायतीचं ग्रेडर चालवायचा. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा आणि उन्हाळ्यात खडी सारखी करायची, हे त्याचं काम. साडेसहा फुटी गडी, खांदे दारात मावत नाहीत असे. त्याची बायको जनेल त्याच्या छातीपर्यंतही पोचायची नाही. घराच्या पुढच्या खोलीत ती बायकांचे केस कापायची. चर्चच्या जेवणावळी आणि कर्लिंगच्या स्पर्धेचं रात्रीचं जेवण हे सगळं तिच्याच अंगावर असायचं. गावात कुणालाही विचारा, जनेलचं नाव निघालं की माणसं हसून बोलायची.

घरात ती मारायची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं नाही, नंतर. आधी चमचा, वाटी, हाताशी येईल ते. मग केसांचा तापलेला चिमटा. मारून झालं की कधी रडायची, कधी रेडिओ लावून भांडी घासायची. लॉर्न उभा राहायचा. आपला एक हात लागला तर ही भिंतीवर जाऊन आपटेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो दोन्ही हात खिशात घालून ठेवायचा. कामावर कुणी विचारलंच तर इंजिन, साखळी, बर्फावर घसरलो, असं काहीतरी सांगून मोकळा व्हायचा.

जुन्या पंचांगाप्रमाणे सहा जानेवारीला नाताळची पूर्वसंध्या. त्यांच्या लोकांत त्या दिवशी पहिली चांदणी दिसली की बारा पदार्थांचं बिनमांसाचं जेवण मांडतात. जनेलची आई परास्का त्यासाठी दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. त्या दिवशी वारं सुटलं, रस्ते बुजले, आणि लॉर्नला घरी यायला उशीर झाला. तो आला तेव्हा मेणबत्ती अर्धी जळली होती आणि परास्का टेबलापाशी हाताची घडी घालून बसली होती. जनेल चुलीपाशी होती.  बोर्श्तचं, म्हणजे बिटाच्या सुपाचं, उकळतं पातेलं तिनं दोन फडक्यांत धरून उचललं आणि लॉर्न बूट काढायला वाकला होता तसंच त्याच्या पाठीवर ओतलं. मग रिकामं पातेलं घेऊन परत हात उगारला. तेव्हा, त्या एकाच वेळी, लॉर्ननं तिचं मनगट धरलं.

कलीना, त्यांची मुलगी, फोनपाशी होती. तिनंच पोलिसांना फोन केला. "आईबाबा भांडतायत" एवढंच ती बोलू शकली.

आलेला पोलीस लॉर्नच्याच हॉकीच्या संघातला होता. त्यानं पाहिलं ते असं: सगळीकडे लालभडक सांडलंय, छोटीशी बाई मनगट धरून रडतेय, आणि हा एवढा मोठा बाप्या भिंतीला टेकून धापा टाकतोय.

"लॉर्न, काय केलंस रे हे? तुला काही लागलंय?"

"नाही," लॉर्न म्हणाला. "सांडलं."

सासूसमोर, पोरीसमोर, हॉकीच्या मित्रासमोर त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघेना. शर्ट पाठीला चिकटलेला असतानाच तो पोलिसांच्या गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही त्यानं तेच सांगितलं. आणि जनेलनं कोर्टातून हुकूम आणला. लॉर्ननं घराकडे फिरकायचं नाही, शाळेकडे जायचं नाही, मुलीला फोनही करायचा नाही.

त्यानंतर तो ग्रेडरच्या शेडच्या माळ्यावर झोपू लागला. मदतीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडची बाई सगळं ऐकून घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "हात उचलणाऱ्या पुरुषांसाठी आमच्याकडे दर बुधवारी वर्ग असतो. नाव घालू?" कोर्टाच्या गावात, चर्चच्या तळघरात बापांची एक बैठक भरते असं कळलं, म्हणून तिकडे गेला. तिथं गार्थ नावाचा एकजण कॉफीचा कप आपटून आपटून बोलत होता.

"सगळ्या एकाच माळेच्या. जात्याच खोटारड्या. हे पोटात उतरल्याशिवाय लढता यायचं नाही तुला."

"मलाही एक मुलगी आहे," लॉर्न म्हणाला.

"मग आत्तापासूनच नजर ठेव तिच्यावर."

लॉर्न उठला. गार्थ मागून ओरडला, "जा, जा! आणि त्या लावालेच्या वाटेला तेवढा जाऊ नकोस. ती पुरुषांना कच्चं खाते. मारणारा कोण ते तिला वासावरून कळतं म्हणे!"

ते ऐकूनच तो लावालेबाईंकडे आला होता.

"शर्ट काढा," दार लागल्यावर लावालेबाई म्हणाल्या.

"काय?"

"लाजताय कशाला? पाठ दाखवा."

लॉर्ननं पाठ दाखवली. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी गुलाबी, चकचकीत, मधेच सुरकुतलेली. बाई जवळ आल्या, वाकून पाहिलं आणि परत जाऊन बसल्या. आवाजात तसूभर फरक नाही.

"तुमच्या बायकोचा वकील, तो फ्रीसेन, म्हणेल, दारू पिऊन तुम्हीच सांडून घेतलंत. दवाखान्याच्या कागदावर तुमचेच शब्द आहेत. या खुर्चीत बसून धाय मोकलून रडणारे पुष्कळ पुरुष मी पाहिलेत, कोवाल. खोटं रडणारा मला ओळखता येतो असं पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही. मारलंय तुम्ही तिला कधी?"

"नाही."

"मारावंसं वाटलंय?"

लॉर्न शर्टाची बटणं लावत होता. तो थांबला. 

"हो," तो म्हणाला.

"कधी?"

"चिमटा लावला तेव्हा. मानेवर. मला वाटलं, आता हिला उचलावी आणि... मग मी शेडवर गेलो आणि ग्रेडर सुरू करून बसून राहिलो. नुसताच."

"चला. एक तरी खरं बोललात." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "घेते मी काम. पण नीट ऐका. घराच्या रस्त्यावर ग्रेडरसुद्धा न्यायचं नाही. दारू नाही. बायकोला शिवी द्यायची नाही, माझ्यासमोरही नाही. खोटं सापडलं की त्याच दिवशी मी फाईल तोंडावर फेकीन. आणि मला तुमच्याबद्दल प्रेमबिम वाटतंय असं समजू नका."

"नाही समजत," लॉर्न म्हणाला.

मार्चमध्ये तारीख लागली. आदल्या दिवशी बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"फ्रीसेननं तुमच्या सासूला साक्षीला उभं केलंय. तिनं शपथेवर लिहून दिलंय, तुम्ही विनाकारण जनेलचा हात पिरगाळला म्हणून. ती खोलीत होती. तुमच्या दोघांखेरीज सगळं पाहिलेलं मोठं माणूस तेवढंच."

"ती माझ्या बाजूनं बोलणार नाही."

"बोलू नयेच म्हणते मी. कशी आहे बाई?"

लॉर्ननं विचार केला. "मला पाहिलं की थुंकते. तिच्या लेखी मी पुरुषच नाही. माझा सासरा तिला पट्ट्यानं मारायचा. अजून त्याच्या फोटोसमोर दिवा लावते."

लावालेबाईंनी परास्काच्या लेखी साक्षीचा कागद पुढ्यात ओढला.

"उद्या मी तुमची अब्रू काढणार आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या सगळ्या गावादेखत. ती बाई तुम्हाला जे जे म्हणेल ते मी तिच्याकडून अजून दोनदा म्हणवून घेईन. तुम्ही मान वर करून बसायचं. चालेल?"

"दुसरं काही नाही का करता येत?"

"सत्य बोलायची तुमची वेळ होती ती पोलीस दारात उभा होता तेव्हा. आता हेच आहे."

कोर्टात डोरोशिनमधल्या बायका ओळीनं येऊन बसल्या होत्या. जनेलनं निळा पोशाख घातला होता. तिनं लॉर्नकडे एकदा पाहिलं. त्या नजरेनं त्याचे हात आपोआप खिशात गेले. लावालेबाईंनी टेबलाखालून त्याला बूट मारला. त्यानं हात बाहेर काढून टेबलावर ठेवले.

परास्का डोक्याला फुलांचा रुमाल घट्ट बांधून आली. शपथ घेताना तिनं पुस्तकावर हात आपटलाच. फ्रीसेननं विचारलं तेवढं तिनं पढवल्यासारखं सांगितलं. जावई उशिरा आला, चिडलेला होता, माझ्या मुलीचा हात पिरगाळला, पोर रडायला लागली.

मग लावालेबाई उठल्या. अगदी मवाळपणे म्हणाल्या, "परास्काबाई, तुमचा जावई दांडगा माणूस आहे. तुम्हाला त्याची भीती वाटत असेल."

"मला?" परास्का फिस्कन हसली. "ह्याची?"

"साडेसहा फुटांचा आहे तो. रागीट."

"रागीट कसला! बैल आहे तो. खच्ची केलेला बैल. जिथं उभा कराल तिथं उभा राहतो."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. लॉर्नचे कान तापले. त्यानं मान वरच ठेवली.

"पण तुमच्या मुलीला तर त्याची दहशत आहे. असं तिनं लिहून दिलंय. तो पुरुष आहे, त्याच्या रागापुढं कोण टिकणार?"

"पुरुष!" परास्काला तो शब्द झोंबला. "पुरुष कसा असतो ते मला विचारा. माझा नवरा पुरुष होता. घरात पाऊल टाकलं की भांडी गप्प बसायची. मला मारायचा, हो, मारायचा! मी गेले का कोर्टात? आणि हा? हा पोरीचं बोलणं खातो, मार खातो आणि गायीसारखा बघत राहतो. मी म्हटलं एकदा त्याला, माझा झगा देऊ का रे घालायला?"

"साहेब, माझी हरकत आहे," फ्रीसेन उठला. "साक्षीदार थकलेली आहे."

"मी नाही थकले!" परास्का त्याच्यावरच कडाडली.

न्यायाधीशांनी फ्रीसेनला हातानं खाली बसवलं. लावालेबाई एक पाऊल पुढं गेल्या. आता आवाज मवाळ नव्हता.

"मार खातो, म्हणालात. कुणाचा?"

परास्कानं रुमालाची गाठ आवळली.

"काहीतरीच. तुम्ही बनवून सांगताय," लावालेबाई म्हणाल्या. "एवढा बाप्या बाईचा मार खाईल का? तो मारत असणार. त्या रात्री त्यानंच मारलं असणार, तुमच्या डोळ्यांदेखत. आणि तुम्ही बघत बसलात, घाबरून."

"त्यानं? त्याची छाती आहे का तेवढी!" परास्का कठड्यावर दोन्ही हात ठेवून पुढं झुकली. "आयुष्यात हात उचलला नाही त्यानं. मनगट धरलं, ते पण तिनं दुसऱ्यांदा पातेलं उगारलं तेव्हा. आणि काय झालं मोठं? टोपभर बोर्श्तनं मरतंय का कुणी? माझ्या अंगावर तर..."

"मम्मा!" जनेल किंचाळली.

 परास्कानं मुलीकडे पाहिलं. आपण काय बोललो हे तिला हळूहळू उमगत गेलं, आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तुमच्या अंगावर काय, परास्काबाई?" लावालेबाईंनी विचारलं.

"काही नाही," म्हातारी म्हणाली. "सांडलं होतं."

लॉर्ननं तेव्हा पहिल्यांदा मान खाली घातली.

न्यायाधीश चार दिवसांनी बोलले. हुकूम रद्द. चौकशी पुरी होईपर्यंत मुलगी वडिलांकडे, आईनं समुपदेशन घ्यायचं आणि तिसऱ्या माणसासमोरच मुलीला भेटायचं. लॉर्नचा श्वास सुटतो न सुटतो तोच साहेबांनी त्याच्याकडे मोर्चा वळवला.

"कोवाल, तुम्ही पोलिसांशी खोटं बोललात, डॉक्टरांशी खोटं बोललात. तुमची लाज तुम्ही जपलीत आणि त्या घरात एक मूल रोज हे बघत मोठं होत राहिलं. निकाल तुमच्या बाजूनं दिलाय म्हणून तुम्ही त्यातून सुटलात असं समजू नका."

"नाही, साहेब."

बाहेर जनेलनं त्याला गाठलं. मधे दोन पोलीस होते.

"झालं समाधान? माझ्या आईला भर कोर्टात नागवलंस. ती जेवत नाहीये, ठाऊक आहे? गावात माझ्याकडे एक बाई केस कापायला येत नाही. बघ, तुला सोडणार नाही मी."

लॉर्नला तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. पूर्वी अशा वेळी तो माफी मागायचा. माफी ओठांवर आलीही.

"जनेल, तू त्या समुपदेशनाला जा," तो म्हणाला आणि चालू लागला. 

लावालेबाई पायऱ्यांवर सिगारेट ओढत होत्या. त्यानं आभार मानायला हात पुढं केला. बाईंनी हात मिळवला, पण लगेच सोडून दिला.

"सोमवारी माझ्याकडे तीन बायका आहेत," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकीच्या नवऱ्यानं काल फोन केला होता. म्हणे कोवालसारखं माझंही करा. आता असे दहा येतील, तुमचं नाव घेत. त्यातले नऊ खोटे असतील." त्यांनी सिगारेट बर्फात विझवली. "पोरीला सांभाळा. बिघडलंत तर मीच येईन तुमच्या विरुद्ध."

लॉर्ननं कोर्टाच्याच गावात एका घराचं तळघर भाड्यानं घेतलं. खिडक्या जमिनीलगत, अर्ध्या बर्फात बुडलेल्या. कलीनाची खोली त्यानं पिवळी रंगवली. ती आली, बॅग टाकली आणि म्हणाली, "मला पिवळा आवडत नाही."

"दुसरा लावू. कुठला हवा?"

"कुठलाच नको. मला घरी जायचंय. तू आईला घालवलंस. आजी म्हणते तू साप आहेस."

"आजीला राग आलाय."

"मला पण आलाय!"

हे रोज चाललं. शाळेतून आली की दार धाडकन लावायची. आईची भेट झाली की दोन दिवस बोलायची नाही. त्यानं केलेलं जेवण ढकलून द्यायची. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, कलीनानं एका मुलीला पट्टीनं मारलं. का मारलं विचारलं तर म्हणाली, ती हळू चालत होती.

एप्रिलच्या सुरुवातीला बर्फ चिखल होऊ लागला होता. लॉर्न संध्याकाळी वारेनिकी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकडून टेबलावर मांडत होता. त्याला उशीर झाला होता. रस्ता खचला होता, ग्रेडर अडकलं होतं. कलीना खुर्चीवर उभी होती.

"तू म्हणालास पाचला जेवायचं."

"हो गं, चुकलं. ये, बस."

"तू नेहमी चुकतोस! तू मूर्ख आहेस!" आणि तिनं समोरची बशी उचलून त्याला फेकून मारली. बशी गालाला लागून फरशीवर फुटली. कलीनानं लगेच दुसरी उचलली. तिचा हात वर होता, डोळे बारीक झालेले. तो चेहरा लॉर्नच्या ओळखीचा होता.

त्याचे हात खिशाकडे निघाले होते. वाटेतच थांबले. तो दोन पावलं पुढं गेला, तिच्या हातातली बशी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. मग गुडघ्यांवर बसला, तिच्या तोंडासमोर तोंड येईल असा.

"नाही," तो म्हणाला. आवाज त्यालाच परका वाटला. "या घरात कुणी कुणाला मारायचं नाही. तू मला नाही. मी तुला नाही. कुणीच नाही."

"आई मारायची!"

"मारायची. ते चूक होतं. मी तिला नाही म्हणालो नाही, तेही चूक होतं. तुला म्हणतोय."

कलीना त्याच्या गालाकडे पाहत राहिली. रक्ताची एक रेघ हळूहळू हनुवटीकडे येत होती.

"दुखतंय?" तिनं विचारलं, रागानंच.

"हो," लॉर्न म्हणाला. "खूप दुखतंय."

त्यानं कुणालातरी हे सांगायची ही पहिलीच वेळ. कलीना रडली नाही, त्याच्या गळ्यातही पडली नाही. खुर्चीवरून उतरली, पाय ओढत आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. या खेपेला आपटलं नाही, इतकंच.

लॉर्ननं झाडू आणला आणि काचा गोळा करायला लागला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, अजून तसाच तुसडा.

"मी जेवणार नाहीये. पण माझ्या वारेनिकी थंड होऊ देऊ नकोस."